हिरव्या टिकल्या

प्रिय बारक्या,

तुझं नाक मी पुसलेलं आहे, त्यामुळे साहेब म्हणायला जीभ वळत नाही.

तुमच्या खात्याची माणसं काल गोदामाच्या दारावर नोटीस चिकटवून गेली. आपल्या जागेवर बागेचं आरक्षण पडलंय म्हणे. लोकांना बसायला खुर्च्या भाड्याने देणाऱ्या बाईला उठवायचं आणि तिथे लोकांना बसायला बाकं टाकायची. आधी हसू आलं, मग अंगाचा तिळपापड झाला.

तुझी ती लोकसहभागाची सभा आठवते ना? खुर्च्या माझ्या, चहा माझा, भावाचं काम म्हणून सगळं फुकट. तू भिंतीवर नकाशा लावलास, प्रत्येकाच्या हातात हिरव्या टिकल्या दिल्यास आणि बाग जिथे हवी तिथे लावा म्हणालास. बाग सगळ्यांनाच हवी होती, फक्त स्वतःच्या जागेवर नको होती. शिंपीणबाईंनी आपल्या दुकानावर तळहात दाबून धरला. बेकरीवाला तर नकाशाला पाठ टेकूनच उभा राहिला, भट्टीवर कुणाची टिकली पडायला नको म्हणून. जो तो आपली जागा राखत होता आणि मी मागे चहा ओतत होते. कप गोळा करून पुढे आले तेव्हा आपलं गोदाम हिरवंगार झालं होतं. शिंपीणबाई त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोलत नाहीत, बिचाऱ्यांना लाज तरी वाटते.

त्यांच्यावर माझा राग नाही, पोटापाण्यासाठी माणूस घाबरतो. राग तुझा येतो. तू नकाशाशेजारीच उभा होतास. मालकीण इथेच आहे, तिलाही विचारा, एवढं म्हणायला तुझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं का? वर अहवालात 'नागरिकांचा एकमुखी कौल' लिहून मोकळा झालास. हे गोदाम गेलं तर मी आणि माझे हमाल उद्या काय खाणार, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मी फोन केला तर उचलला तुझ्या बायकोने. तुझा निरोप सांगितला, बहिणीची जागा वगळली तर लोक काय म्हणतील. म्हणजे तुझी अब्रू झाकायला माझं छप्पर.

जागा सोडव म्हणून हे पत्र लिहीत नाही. आज सकाळी मी हरकत दाखल करून आले. बागेविरुद्ध त्यात एक अक्षर नाही. सभा घेणारा आणि आता हरकतींची सुनावणी घेणारा अधिकारी माझा सख्खा भाऊ आहे आणि ही गोष्ट त्याने खात्यापासून दडवली, एवढंच लिहिलंय. दुसरा अधिकारी नेमा, सभा पुन्हा घ्या, ही मागणी. उद्या तो कागद तुझ्या वरिष्ठांपुढे जाईल. परक्याच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. पुढच्या सभेला ये. या वेळी तू स्टेजवर नसशील, म्हणून खाली लोकांत बस आणि बोलायचा नंबर आला की भाऊ म्हणून बोल.

तुझीच, आता कागदोपत्रीही,
ताई