धुलाईघरातली बरणी

३ मार्च

अर्ध्या बाटल्यांत औषधच नाही! डॉक्टरीणबाईंनी स्वतः फॉर्म वाचून दाखवला. बाकीचे सही कुठे करायची ते शोधत होते, मी ऐकत होतो. कान माझे पहिल्यापासून तिखट, धंदा त्यांच्यावरच उभा केला.

साथीच्या वॉर्डातल्या चादरी आम्ही धुतो, म्हणून नव्या औषधाच्या चाचणीत आम्ही अकरा जणही. लागण होऊ नये म्हणून रोज एक गोळी. कुणाला खरी, कुणाला नुसती दाबलेली भुकटी. कोणती कुणाला, ते बाईंनाही ठाऊक नाही.

"मग कळणार कसं?"

"दोन्हीकडचे किती आजारी पडले ते शेवटी बघायचं. औषध चाललं, तर वॉर्डात सगळ्यांना खरी गोळी."

माझी लेक त्याच वॉर्डात नर्स. तीही चाचणीत. तिच्या बाटलीत काय, कोण जाणे.

५ मार्च

सुचलं! लाल पिशव्यांतले लागणीचे कपडे आमच्याकडे एकाच्याच गळ्यात कधी पडत नाहीत. वाईट काम सगळ्यांत वाटून – मी एकटा हाताने चादरी घासायचो, तेव्हा ठरवलेला नियम. मग गोळ्याच का नशिबावर सोडायच्या? आठवड्याच्या सगळ्या बाटल्या एका बरणीत ओतल्या, घुसळल्या, पुन्हा सात-सात भरल्या. थोडी खरी सगळ्यांच्याच पोटात जाईल.

इस्त्रीवाला म्हणाला, "मालक, तुम्ही चुकून धोबी झालात."

फक्त बायको अडून बसली.

"मी माझ्याच बाटलीतली घेणार."

"अगं, तुझ्यात भुकटी निघाली तर?"

"निघू दे. तुमची अक्कल तुम्हाला लखलाभ."

हिला गोळी गिळता येत नाही, कसलीही असो, कुडुमकुडुम चावून खाते. माझ्यासमोर चावली. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. हट्टी बाई.

१२ मार्च

बाईंनी रिकाम्या बाटल्या तपासल्या. "तुमच्याइतकी शिस्त आमच्या डॉक्टरांत नाही हो." मी चहा मागवला. ही माझ्याकडे बघत चादरींच्या घड्या घालत राहिली. नव्या बाटल्याही बरणीत, हिची सोडून.

२४ मार्च

हिला ताप.

२५ मार्च

लागण झालीय. आम्हा दहांना काही नाही, एकट्या हिला. न्यायला लेकच आली. नखशिखांत झाकलेली, आवाजावरून ओळखली. "बाबा, लांब उभे राहा." पोटच्या पोरीने मला लांब उभं केलं, आणि मी राहिलो.

२६ मार्च

बाईंकडे जाऊन बरणीचं सांगून टाकलं. थोडी फुशारकीनेच सांगितलं. वाटलं, म्हणतील, मालक, तुम्ही दहा जणांना वाचवलंत.

त्या खाली बसल्या. पेनाला टोपण लावून ठेवलं.

"कुणाच्या पोटात काय गेलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. दहाही जणांच्या नोंदी बाद. औषध चालतं की नाही, ते कळायला आता आणखी उशीर."

"म्हणजे किती?"

"तोवर वॉर्डातल्या मुली आहेत तशाच काम करणार, एवढं खरं."

वॉर्डातल्या मुली. म्हणजे माझी लेक. वाईट काम वाटून घेता घेता हे मी कुणाच्या वाट्याला दिलं!

दारात पोचलो, तेव्हा बाई मागून म्हणाल्या, "तुमच्याकडची एकच नोंद धरता येईल. तुमच्या मिसेसची."

२८ मार्च

काचेपलीकडून हिने फोन कानाला लावला. दम लागत होता, तरी हसली. मी म्हटलं, "तुझ्या बाटलीत बहुतेक भुकटीच होती गं."

"बहुतेक कसली? पहिल्याच दिवशी गोड लागली. औषध कधी गोड असतं?"

"मग बरणीतली का नाही घेतलीस?"

"पोरीला खरं उत्तर मिळायला नको? भुकटीच्या बाजूलाही कुणीतरी उभं राहायला लागतं."