आता त्यांना पाणी पाजावं लागत नाही

माय, तुझ्या बॅटऱ्या गेल्या. तू स्वतः पाणी पाजलेल्या त्या कधीच्याच मोडीत गेल्या होत्या, या त्यांच्यानंतरच्या. पण त्याच खोलीत, त्याच लाकडी फळीवर बसलेल्या, म्हणून मी त्यांना तुझ्याच म्हणत आलो. सातपुड्याच्या पायथ्याला आपल्या मळ्यापर्यंत विजेचा खांब काही आला नाही. दीपनगरच्या वीजकेंद्रातली वीज कुठे कुठे पोचते, आपल्याला मात्र छतावरच्या सोलरच्या प्लेटाच. त्या बसवणारा माणूस म्हणाला होता, "बॅटरीला वेळेवर पाणी पाहिजे," आणि एवढ्या एका शब्दावर ते काम कुणाला न विचारता तुझं झालं. गोठ्यातली म्हैस पाणी प्यायली की तू शुद्ध पाण्याची बाटली घेऊन त्या खोलीत यायचीस. मी बुचं उघडायचो, तू वाकून आत बघायचीस आणि तहानलेल्या वासराबद्दल बोलावं तशी म्हणायचीस, "इले तीस लागनी शे." एकदा तू ऊन चढायच्या आधीच सगळ्या काठोकाठ भरल्यास. दुपारी चार्ज होताना तेजाबाचं पाणी वर आलं, फळीवर सांडलं, आणि तू ते लुगड्याच्या पदराने पुसलंस. धुतल्यावर पदराची चाळण झाली. मी हसलो तर म्हणालीस, "हासू नको. तुले पाजू तवय बी इतलंच सांडे."

पोळ्याला तर तू कमालच केलीस. बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली आणि तेच ताट घेऊन बॅटऱ्यांच्या खोलीत गेलीस. कुंकू लावलंस आणि घरातले दिवे बंद करायला सांगितलेस. मी म्हणालो, माय, सणाचा दिवस आहे. तू म्हणालीस, "बैलसले सुटी शे नं, मंग यासले का बरं नही?" त्या सांजेला आपण कंदिलाच्या उजेडात जेवलो. तू गेल्यावरही प्रत्येक पोळ्याला मी त्यांना कुंकू लावतो आणि आपलं घर अंधारात जेवतं; गावातले हसतात, हसू देत.

तू गेलीस आणि बाटली माझ्या हातात आली. तुझ्या फोटोपुढे मी फारसा उभा राहिलो नाही. पण सकाळी बूच उघडलं की माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघायचं, तुझ्याच बोलीत, आणि तेवढा वेळ तू माझ्या खांद्यामागे वाकून बघत असायचीस. अलीकडे हात थरथरतो. मागे तेजाबाचा थेंब डोळ्यात उडाला. धुळ्याहून, देवपुरातून, तुझी नात, माझी पोर, धावत आली. "आबा, डोळा गेला तर तुम्हाला या बॅटऱ्या सांभाळणार आहेत का?" म्हणाली. लिथियमची बसवू, तिला पाणी लागत नाही, म्हणाली. मी कापूस वेचून होऊ दे, लग्नसराई होऊ दे, असं करत टाळत राहिलो. मनातली भीती तिला सांगितली नाही. हे काम गेलं तर तू मला कुठे भेटणार होतीस?

शेवटी धुळ्याचा मिस्तरी आला. जुन्या काढल्या, फळीवर एक बंद पेटी ठेवली. सुटकेसएवढी; ना बूच, ना वास. मी पेटी सगळीकडून निरखून बघितली तशी तुझी सून म्हणाली, "काय शोधता? तिला तोंड नाही. तुमच्यासारखी दिवसभर तोंड उघडून बसत नाही." मिस्तरी हसला आणि भिंतीवरच्या चार्जरची बटणं दाबत बसला. मी विचारलं, आता हे काय? म्हणाला, "काका, बॅटरी बदलली हे त्याला कळत नाही. अजून जुन्याच आहेत असं समजून तो चार्ज करतो. सांगावं लागतं." मी म्हणालो, बरोबर आहे, सांगितल्याशिवाय कसं कळणार. आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो. टेम्पोत जुन्या बॅटऱ्या चढवत होते. एकीच्या कडेला पोळ्याचं कुंकू सुकून काळं पडलेलं दिसलं. हात लावावासा वाटला, पण टेम्पो सुरू झाला होता.

माय, पेटी चांगली आहे. पहाटेपर्यंत पंखा फिरतो, दिवा मंद होत नाही, डोळाही बरा आहे. मला वाटलं होतं की रोज सकाळी त्या खोलीच्या दाराशी जाऊन मी रडेन. पहिले काही दिवस गेलोही. मग चहा घेऊन ओट्यावर बसायला लागलो. हे कागद मी कुठे पाठवणार. घडी करून ठेवून देईन. पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. या आठवड्यात दोन-तीन सकाळी अशा गेल्या की दुपारपर्यंत मला तुझी आठवणच आली नाही.