अलकाताई माफी मागेपर्यंत विंडोज न बदलण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष श्री. भय्यासाहेब मुजुमदार,
मराठी स्नेहमंडळ वधू-वर केंद्र,
माधव नगर, उज्जैन.

विषय: केंद्राच्या संगणकातील जुनी विंडोज तूर्त आहे तशीच ठेवून त्यावर सौ. अलकाताईंना बसविणेबाबत.
संदर्भ: नवी विंडोज घालावी की कसे, याबद्दल अर्जदाराचे मत मागविणारे आपले पत्र.

महोदय,

१. केंद्राचा संगणक अर्जदार सांभाळते. कोणत्याही क्लासला न जाता, चुका करकरून ती तो शिकली. विंडोज जुनी झाली, नवी घालणे जरूर आहे, हे अर्जदारानेच मागील सभांतून वारंवार मांडले. दर वेळी "चल रहा है ना, वहिनी?" असे म्हणून आपण चहा मागविलात.

२. यंदा चिटणीस सौ. अलकाताई यांनी तोच विषय मांडला आणि भरसभेत म्हणाल्या, "शैलावहिनी आणि ते मशीन एकाच जमान्यातले. दोघांचाही सपोर्ट बंद झालाय!" सभा हसली. आपणही हसलात. मागाहून खोकलात, परंतु तो खोकला अर्जदाराने ग्राह्य धरलेला नाही.

३. सदर अलकाताईंच्या लेकीचे, अश्लेषाचे स्थळ याच मशीनने काढून दिले. तेव्हा त्यांनी पेढे आणले, मशीनला हळदकुंकू वाहिले. एंटरचे बटण अद्याप लाल आहे. ज्याला कुंकू लावले त्याला भंगारात काढताना त्यांची जीभ अडखळली नाही, याचा अर्जदारास खेद आहे. स्वतःबद्दलचा खेद या कागदावर मावणार नाही.

४. नवी विंडोज घालायला नानाखेड्याहून आलेले तुषारजी म्हणाले, "भाभीजी, पासवर्ड बता दो, बाकी मैं देख लूँगा." नवे काही घालायला लागणारा हा पासवर्ड फक्त अर्जदारास ठाऊक आहे; रोजचे काम त्यावाचून चालते. तो तिने सांगितला नाही, विसरल्याचे खोटेही बोलली नाही. त्यांना चहा पाजून परत पाठविले. सर्व स्थळांच्या माहितीची प्रत वेगळी काढून ठेवली आहे. भांडण कोणाच्या लेकीबाळींशी नाही.

५. सबब विनंती, की अलकाताईंनी एक अख्खी लग्नसराई याच मशीनवर काढावी. ते सुरू होईपर्यंत पोहे भिजवून, फोडणीला टाकून, खाऊन होतात. मध्येच पडदा निळा झाल्यास ओरडू नये. अर्जदार त्यास "चल रे बाळा" म्हणते, तसे म्हणावे. उन्हाळ्यात पंखा स्वतःवर न घेता मशीनकडे वळवावा. मुलाकडची मंडळी समोर बसून "और कितना टाइम?" विचारतील, तेव्हा हसावे.

६. हे नको असल्यास मार्ग एकच. पुढच्या सभेत, तेवढीच माणसे जमलेली असताना, अलकाताईंनी माफी मागावी. त्याच संध्याकाळी अर्जदार पासवर्ड घालील, आणि नव्या विंडोजवर काय कुठे आहे ते त्यांच्या शेजारी बसून दाखवीलही. माफी लेखी नको. तोंडी हवी, आणि माइकवर.

एरवी नम्र, आपली
सौ. शैला सुहास आपटीकर
उज्जैन, दि. १९ जानेवारी २०२६

सोबत: काही नाही. संगणकापुढच्या खुर्चीवरची उशी अर्जदाराची स्वतःची होती. ती घरी नेली आहे.