कड्यांचा हार

प्रिय ताई,

'प्रिय' वाचून खूश होऊ नकोस. पत्राची सुरुवात तशी करायची असते असं आईने शिकवलं होतं, म्हणून लिहिलं. मनात दुसरे बरेच शब्द होते, पण हे पत्र तुझी लेक घेऊन येणार आहे. तिने वाटेत उघडलं तर मावशीची अब्रू जायची.

मंगळवारी तुझा फोन आला. आठ महिन्यांनी! आधी माझी तब्येत विचारलीस, मग दुकान कसं चाललंय ते विचारलंस, मग हवा फार कोरडी झालीये म्हणालीस. मला तेव्हाच कळलं, बाईसाहेब ताकाला आल्यात आणि भांडं लपवतायत. शेवटी निघालं भांडं बाहेर. तो हार गळ्यात सरकत कसा नाही, म्हणे. फोन कट झाला नव्हता, ताई. मी ठेवला. रेंज गेली असं वाटून तू स्वतःची समजूत घालशील, म्हणून मुद्दाम सांगते.

तो हार! जो तुझ्या कामवालीने कचऱ्यात टाकला असेल म्हणाली होतीस, तो. मागच्या महिन्यात मालकांच्या बायकोने दुकानात एक मासिक आणलं. पान उलटते तर तू. मान अशी वर केलेली, आणि गळ्यात माझा हार. पडद्याच्या एकोणीस पितळी कड्या, सोफ्याच्या कापडाच्या उरलेल्या लाल आणि मोहरी पट्ट्या गुंडाळलेल्या, मधोमध पडद्याच्या दांडीच्या टोकाचा लाकडी गोळा, अर्धा कापून नेलपॉलिशने निळा केलेला. तो गोळा मी दुकानाच्या मागच्या खोलीत दुपारच्या सुट्टीत करवतीने कापला होता, अंगठ्यावर अजून वण आहे. आणि खाली तुझी मुलाखत. टाकाऊतून टिकाऊ हा तुझा ध्यास आहे म्हणे. लहानपणापासून! मालकांची बायको म्हणाली, तुझ्या बहिणीच्या हातात कला आहे हो. मी म्हटलं, हो, हात फार लांब आहेत तिचे.

लहानपणापासून म्हणतेस तर लहानपणचं काढू. मी बाटल्यांची बुचं चेपून त्यांची माळ केली होती आणि ती घालून शाळेत निघाले, तेव्हा तू दहा पावलं पुढे चालायला लागलीस. वर्गातल्या मुलींनी विचारलं तर ती शेजाऱ्यांची आहे म्हणून सांगितलंस. 'सर्कस' हे नाव तूच पाडलंस. सर्कस आली, सर्कस जेवली, सर्कसला ताप आलाय. पुढे पाण्याच्या नळाच्या वायसरांची कानातली केली, चिकटपट्टी संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या रिंगांवर चिंध्या गुंडाळून मनगटभर कडी केली, तेव्हा तू नाकाने कांदे सोलत म्हणायचीस, बारीक साखळी घालावी, शोभेसं घालावं, लोकांच्या डोळ्यांत जाईल असं कशाला?

डोळ्यांत जावं म्हणूनच, बाई! तू गोरी, उंच, खोलीत शिरलीस की माना वळतात. मी पडद्यांच्या दुकानात उभी असते. गिऱ्हाईक दिवसभर माझ्या खांद्यावरून मागच्या कापडाकडे बघत असतं. पण गळ्यात वीतभर रुंद काहीतरी असलं की ते थांबतं, हसतं, विचारतं, हे कुठून घेतलंत? मी म्हणते, घेतलं नाही, केलं. तेवढ्या तीन शब्दांवर माझा अख्खा दिवस छान जातो. सोन्याची ऐपत नव्हती म्हणून हा नाद लागला असं तुला वाटतं. ऐपत असती तरी मी सोन्याला नेलपॉलिश लावलं असतं.

आता भाऊजींच्या बढतीच्या पार्टीचं. तो हार मी त्याच दिवशी पहिल्यांदा घातला होता. दारातच तू मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलंस. साहेबलोक आलेत, पडद्याचं दुकान गळ्यात घालून आलीस होय, म्हणालीस. हार काढायला लावलास, माझ्या गळ्यात तुझी मोत्यांची माळ अडकवलीस. वर हार उलटा करून बघितलास, मागच्या अस्तराची वेडीवाकडी शिवण तुझ्या दोन मैत्रिणींना दाखवलीस आणि हसलीस. इतकी वर्षं पडद्यांच्या दुकानात आहे आणि टाका सरळ घालता येत नाही, म्हणालीस. त्या पण हसल्या.

आई तिथेच होती. ओट्याशेजारच्या स्टुलावर. तिचं तोंड एका बाजूला वाकडं झालेलं, उजवा हात लुळा, म्हणून तू तिला पाहुण्यांत बसवलं नव्हतंस. बाहेर फार गोंगाट आहे, तिला त्रास होईल, असं कारण दिलंस. जिने तीस वर्षं लोकांचे पडदे शिवून आपल्या दोघींना वाढवलं, तिला तू पडद्यामागे ठेवलंस. मी तोंड उघडणारच होते. खरंच, तुझ्या मैत्रिणींसमोर तुझी अशी काढली असती की बढती राहिली असती बाजूला. पण आईकडे बघितलं आणि गप्प बसले. तू हार ड्रॉवरमध्ये टाकलास. निघताना मी तुझे मोती परत दिले आणि माझा हार मागितला, तर तो सापडेना.

आणि आता तुला ऑर्डरी आल्यात. आयत्या बिळावर नागोबा! कुठल्याशा कारागिराकडून कड्या जोडून घेतेस आणि घरी बसून नाव लावतेस. पण तुझी लेक सांगत होती, तुझे हार पुढे घसरतात, मागची गाठ पुढे येते, गळ्याला काच पडतो. एका बाईचा तर जेवताना वाकल्यावर फिरून ताटात पडला म्हणे. मी इतकी हसले की मालक बघायला आले. पाप लागेल तर लागू दे, फार दिवसांनी हसले.

तर ऐक, सांगून टाकते. पडदा सरळ पडावा म्हणून आपण त्याच्या खालच्या दुमडीत शिशाची छोटी वजनं शिवतो, दिसत नाहीत, पण ती नसली तर भारी पडदासुद्धा वाऱ्यावर उडतो. हाराला मी मागच्या बाजूला तशीच वजनं घालते. पुढे जेवढं ओझं, तेवढं मागे हवं. चार तुकडे, जाड अस्तरात, मानेच्या खाली दोन बोटं. एवढंच. हजारदा बघितलंस तरी तुला कळलं नसतं, कारण तू आरशात फक्त पुढून बघतेस. घे, ही युक्ती तुझी. नाव तुझं, मासिक तुझं, पुढच्या मुलाखतीत तूच शोधून काढलं म्हणून सांग. मी तोंड उघडणार नाही. पण मला त्या बदल्यात माझा हार हवा, आहे तसा, आजच, तुझ्या लेकीच्या हाती.

आज का, तेही सांगते. सकाळी तुझ्या लेकीचा फोन आला. आई नवीन बारीक टोकाची कात्री घेऊन आलीये, मावशी, संध्याकाळी त्या हाराचं अस्तर उसवून आत काय आहे ते बघणार आहे, म्हणाली. मला दुकानात उभं राहवेना. ताई, ज्या शिवणीला तू हसलीस ती माझी नाही. डॉक्टरांनी आईच्या हाताला काहीतरी काम द्या म्हटलं होतं, म्हणून मी ते अस्तर तिला दिलं. सकाळी बसली ती दुपारी चहाच्या वेळेला उठली. अकरा टाके. डाव्या हाताने उजवा धरून घातले. त्यानंतर तिने सुई धरली नाही. त्या दिवशी स्वयंपाकघरात तू हसत होतीस तेव्हा ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, सांगू नकोस म्हणून. घरी आल्यावर म्हणाली, तिला कळलं तर उगाच वाईट वाटेल. मग डोळे मिटेपर्यंत विचारत राहिली, हार मिळाला का? काय सांगणार होते? म्हटलं, ताईला फार आवडला, तिने ठेवून घेतला. इतकी खूश झाली! ते अर्धं तोंड हसलं तिचं. तिला दिलेला शब्द आज मोडतेय, आणि तुला वाईट वाटू दे, मला चालेल. आत शिशाचे चार तुकडे आहेत, बाकी काही नाही. जे आहे ते बाहेर आहे. कात्री खाली ठेव.

तुझीच,
सर्कस