गुन्हा स्वतःच्या नावावर

१४ डिसेंबर १९९६, इंदापूर
बारामतीहून रॅपची कॅसेट आणली. इंग्रजी फार फास्ट आहे, पण फील कळला. गँग, गोळीबार, पोलीस, जेल. ही अमेरिकन पोरं गल्लीत भोगलं तेच गातात आणि गुन्हा सरळ स्वतःच्या नावावर घेतात. याला म्हणतात छाती. आजपासून मी मराठीतला पहिला रॅपर. बी.कॉम. नंतर बघू.

१७ डिसेंबर
अडचण : माझ्याकडे रिअ‍ॅलिटी कमी. आबांचा ऊस, दारात जीप. आई दूध प्यायल्याशिवाय झोपू देत नाही.

२१ डिसेंबर
रिअ‍ॅलिटी मिळाली. स्टँडमागं एका ट्रक ड्रायव्हरला भोसकलं. मानसिंगच्या टोळीचं काम, असं सगळे म्हणतात, हळू आवाजात. ड्रायव्हर जगेल म्हणे. एका बैठकीत गाणं लिहिलं. 'स्टँडमागं अंधार, माझ्या हातात सुरा, मीच त्याला फाडला, हिशोब झाला पुरा.' वाचून मलाच माझी भीती वाटली.

२९ डिसेंबर
प्रॅक्टिसमध्ये माझा आवाज चिरकतो. थंडीमुळे. म्हणून कॉलेजच्या गॅदरिंगला संघपाल गाणार. शाळेपासूनचा दोस्त, विहारात गातो, गळा खणखणीत. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे कालव्याच्या रस्त्यानं पळतो. म्हणाला, आरं, आपुन कुणाला मारलं न्हाय, मग असलं कशाला म्हणायचं? ही कला आहे, असं समजावलं. शेवटी दोस्तीची शपथ घातली.

५ जानेवारी १९९७
गॅदरिंग गाजलं. शिट्ट्याच शिट्ट्या. शब्द माझे, हे माइकवर सांगायचं राहून गेलं. प्रमुख पाहुणे फौजदार होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. कलेतलं कळत नसावं.

६ जानेवारी
पळायला गेलेल्या संघपालला पोलिसांनी उचललं. ड्रायव्हरच्या केसमध्ये. मानसिंगला हात लावायची कुणाची टाप नाही, आणि हा तर स्टेजवर कबुली देऊन बसलेला. मी लगेच जाऊन सांगणार, शब्द माझे आहेत. आधी जेवतो.

७ जानेवारी
घसा बसलाय. संघपालची आई तानूबाई दारात आली होती. आईला म्हणाली, गाणं इंद्रजितनं लिवलंय, येवढं सायबाला सांगू द्या, माजं पोरगं सुटंल. आईनं सांगितलं, तो पुण्याला गेलाय. मी माडीवर होतो. खोटं मला चालत नाही, पण आईचा शब्द मोडवेना.

९ जानेवारी
पुरावा नाही म्हणून संघपाल सुटला. मार खाल्ला पण माझं नाव घेतलं नाही म्हणे. म्हणजे आता मी सांगण्यात काही अर्थ उरला नाही. त्याचा गुडघा सुजलाय. शेकलं की उतरेल.

२ फेब्रुवारी
भरतीची चाचणी झाली. संघपाल पहिल्याच फेरीत खाली बसला. हा गुडघा आता पुढच्या वर्षीही पळू देणार नाही. फार वाईट वाटलं, म्हणून लगेच दुसरं गाणं लिहिलं. कोठडी, पट्टा, गुडघा. या वेळी मारही स्वतःच्या नावावर घेतला.

३ फेब्रुवारी
संघपालला ऐकवलं. पाय लांब करून बसला होता. म्हणाला, गाऊ नगं. आता तरी जाऊन खरं सांगून ये, माझ्या नावावरचा डाग तरी जाईल.

४ फेब्रुवारी
छाती काढून पोलीस स्टेशनला गेलो. हात पुढे करून म्हणालो, गाणं माझं आहे. फौजदार हसले. म्हणाले, आबांचा मुलगा ना तू? बस. चहा मागवला. म्हणाले, त्याच दिवशी येऊन एवढं बोलला असतास तर पोराला तासाभरात सोडलं असतं. मग उसाचं विचारलं.
येताना संघपाल त्याच्या घराच्या दारातच बसलेला दिसला.
त्याला सांगितलं, साहेब भेटले नाहीत.