खांब क्र. ३८ ते ५६ यांवर रबरी वेढ्यांनी पट्टे मारण्याच्या परवानगीबाबत

सोबत (अर्जाच्या शेवटापर्यंत आपल्याकडे कोणी पोहोचत नाही, म्हणून आधीच):
जीपच्या ट्यूबचा एक वेढा, हुकासह.
चिकटपट्टीचा एक गोळा, आतून पिवळा.
किटलीचे झाकण, चपटे.
बैलाचा फोटो. बैल डावीकडचा, उजवीकडे भिमाजी आबा.
एक लिंबू.

प्रति,
मा. उपअभियंता,
खांब व फलक कक्ष, लोणावळा

विषय : लोहगडवाडीच्या चढावरील वळणाचे एकोणीस खांब शनिवारच्या आत रंगवू देण्याबाबत.
संदर्भ : आपली चार पत्रे. चारांतही वळणाचा उल्लेख नाही.

महोदय,

१. अर्जदार सविता कैलास केदारी, राहणार तळेगाव दाभाडे, ही गेली नऊ वर्षे रस्त्याकडेचे लोखंडी खांब रंगवते. लोहगडवाडीच्या चढावरचे एकशे बारा खांब पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवण्याचे काम आपल्याच कक्षाने तिला दिले. प्रत्येक पट्टा पंधरा सेंटिमीटर, ना कमी ना जास्त. पद्धतही आपणच ठरवली : खांब पिवळा करावा, त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी, मधल्या जागेत काळा रंग मारावा, वाट पाहावी, चिकटपट्टी सोडवावी. ही पद्धत ठरवणाऱ्याने गोल खांबाला आयुष्यात कधी हात लावलेला नसावा. शिवाय मावळात सकाळी लोखंडाला दंव सुटते आणि ओल्या लोखंडाला चिकटपट्टी धरत नाही, हे लोणावळ्यात राहून आपल्याला ठाऊक नसावे याचे अर्जदाराला आश्चर्य वाटत नाही. पहिल्या दिवशी सात खांब झाले. सातही मुंडावळ्या घसरलेल्या नवरदेवासारखे दिसत होते.

२. अर्जदाराचे सासरे भिमाजी आबा पोळ्याला अख्ख्या गावाच्या बैलांची शिंगे रंगवत. बैल काही आपल्या कार्यालयातला कागद नव्हे, तो एका जागी पडून राहत नाही. त्याने मान हलवायच्या आत पट्टे उमटले पाहिजेत. म्हणून आबा शिंगाला ट्यूबचा तुकडा ताणून आवळत, मोकळ्या जागेत रंग फिरवत आणि गाठ ओढत. रबर आपोआप उडून बाजूला पडे. कडा सुरीने कापल्यासारखी. सात वाकडे खांब पाहून आबा एवढेच म्हणाले, "अगं, शिंग तर निमुळतं असतंय. ह्यो तर सरळसोट हाय. आन् मान बी हलवत न्हाई."

अर्जदाराने जीपच्या जुन्या ट्यूबचे पंधरा सेंटिमीटर रुंदीचे बारा वेढे कापले, प्रत्येकाला टोकाशी हुक लावला. उंचीसाठी एका काठीवर खाचा केल्या. काठी खांबाशेजारी उभी करायची, खाचेला खाच वेढे अडकवायचे, लहान रोलर फिरवायचा, हुक सोडायचे. ओल्या रंगाला रबर शिवतसुद्धा नाही. एका खांबाला चार मिनिटे. दोन सकाळींत एकशे बारा खांब पूर्ण झाले, आधीच्या सात नवरदेवांसह.

४. (परिच्छेद ३ मध्ये काही चूक नव्हती. म्हणून तो आपल्या कक्षाच्या प्रथेप्रमाणे खरवडून काढला आहे.)

आपले कनिष्ठ अभियंता श्री. स्वराज वाघोले तपासणीला आले. त्यांनी तीस खांबांवर मोजपट्टी लावली. तिसांवरही पंधरा. त्यांनी मोजपट्टी उलटी धरून पाहिली, तरी पंधरा. तेव्हा ते जे बोलले ते अर्जदार जसेच्या तसे नोंदवते : "ताई, चौदा दिवसांचं काम दोन दिवसांत होतच नाही. झालंय, पण होत नाही." वळणावर लिंबूसरबताची टपरी चालवणाऱ्या चिमाबाईंनी त्यांच्या हातात पेला दिला आणि म्हणाल्या, "सायेब, भाकरी लवकर भाजली म्हून कच्ची ठरत न्हाई." श्री. वाघोले यांनी सरबत संपवले आणि शेरा लिहिला : 'काम अतिजलद, सबब संशयास्पद.'

५. पुढचे आपल्या कक्षाशिवाय कोणाला सुचले नसते. आपल्या मोबाईल प्रणालीत खांबाला चिकटपट्टी लावलेला फोटो चढवल्याखेरीज काम पूर्ण धरले जात नाही. श्री. वाघोले यांनी तोंडी सांगितले, "नुसती लावा, फोटो काढा, सोडवा." वळण फोटोत चांगले येते म्हणून त्यांनी ३८ ते ५६ हे खांब निवडले. अर्जदाराने, इथे तिची चूक झाली, ऐकले. दोन दिवसांच्या कोवळ्या रंगावरून चिकटपट्टी सोडवली तेव्हा तिच्याबरोबर रंगाचे पापुद्रे आले. फोटो मात्र मंजूर झाले.

त्यानंतर आपले पत्र आले की सदर खांबांचा रंग उडालेला आढळला; ते लोखंडापर्यंत खरवडून विहित पद्धतीने पुन्हा रंगवावेत, चिकटपट्टी कक्षाकडून पुरवण्यात येईल. खांब डिसेंबरच्या दोन तारखेला खरवडले गेले. चिकटपट्टी नवीन आर्थिक वर्षात येणार आहे.

६. एकशे बारांपैकी त्र्याण्णव खांब सरळ रस्त्यावर झळकत आहेत, जिथे आंधळ्यालाही रस्ता सापडेल. वळणावरचे एकोणीस धुक्याच्या रंगाचे आहेत. बुधवारी, ७ जानेवारीला, सकाळी सव्वासातला किल्ल्यावर निघालेल्या पर्यटकांची एक जीप खांब ४४ आणि ४५ यांच्यामधून सरळ चिमाबाईंच्या टपरीत शिरली. चालकाचे म्हणणे एवढेच, की त्याला रस्ता संपलेला दिसला नाही. त्याचे अर्जदाराला खरे वाटते, कारण तिनेही तिथे उभे राहून पाहिले. टपरीतली बसायची फळी चाकाखाली सापडली. चिमाबाई त्या वेळी लिंबे आणायला मळवलीला गेल्या होत्या. परतल्यावर त्यांनी फळीकडे पाहिले, किटलीचे झाकण उचलले आणि अर्जदाराला म्हणाल्या, "मी बसले असते तर तुमच्या कागदात माजंबी नाव घालावं लागलं असतं." ते आता घातले आहे. लिंबू त्याच दिवसाचे आहे.

आठच दिवसांत त्यांनी त्याच जागी नवी फळी टाकली. दुसरी जागा त्यांना नाही. शनिवारी पुन्हा गर्दी चढणार आहे.

७. आपले चौथे पत्र या अपघातानंतरचे. त्यात आपण विचारता की अपघातसमयी सदर खांबांवर पट्टे का नव्हते, याचा अर्जदाराने खुलासा करावा. हे वाक्य तिने घरात मोठ्याने वाचून दाखवले. आबांना दोनदा वाचून दाखवावे लागले. त्याच पत्रात जलद पद्धतीचा अभ्यास करण्यासाठी पाच जणांची समिती नेमल्याचे कळवून, अर्जदाराने मागच्या उत्तरात तंत्राचे मूळ म्हणून नमूद केलेल्या बैलाचा आरोग्य दाखला मागवला आहे. बैल सहा वर्षांपूर्वी वारला. समितीपुढे उभा राहण्याचा त्याचा प्रसंग टळला. तो तसाही गुणी जनावर होता. फोटो जोडला आहे. समितीने डावीकडे पाहावे.

८. तरी विनंती, की ३८ ते ५६ हे खांब रबरी वेढ्यांनी रंगवण्याची लेखी परवानगी शनिवारपूर्वी द्यावी. पट्ट्यांचे काम सव्वा तासाचे आहे. आपल्याकडे कागदाला पाकिटात शिरायला याहून जास्त वेळ लागतो. आणि रंगवलेल्या खांबांना पुन्हा कोणी चिकटपट्टी, खरवडणी किंवा शेरा लावू नये, अशी आज्ञा व्हावी. परवानगी देता येत नसेल तर शनिवारी सकाळी सातला समितीच्या पाचही सदस्यांनी वळणावर ओळीने उभे राहावे. पट्टे अर्जदार मारून देईल. माणशी चार मिनिटे लागतील, मान हलवली नाही तर.

सोबतचा वेढा परत हवा आहे.

आपली नम्र (छापील नमुन्यात दुसरा शब्द नाही),
सविता कैलास केदारी
तळेगाव दाभाडे, दि. १५ जानेवारी २०२६

ता. क. : खांब क्र. ३८ ते ५६ यांवरचे पट्टे काल दुपारी वाळले.