छत्रीवरचा कागद

आबा,

नव्या मशीनची चाचणी बघायला कंपनीनं मला चीनला पाठवलं होतं. परत आल्यापासून साताऱ्यात जो तो विचारतोय, "मॅडम, कसा हाय चीन?" मी सांगते, रेल्वे सुसाट, रस्ते चकाचक, भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते, माणसं कामाला वाघ. ऐकणारे खूश होतात. बागेतलं मात्र कुणालाच सांगितलं नाही.

रविवारी आमच्याबरोबरची दुभाषी मुलगी मला एका बागेत घेऊन गेली. तिथं म्हातारे आईबाप जमिनीवर उघड्या छत्र्या ठेवून बसलेले, आणि प्रत्येक छत्रीवर मुलाचा नाहीतर मुलीचा कागद टाचलेला. लग्नासाठी. अक्षर लागेना, अंक तेवढे कळले, जन्मसाल आणि उंची. "पोरांना पत्ताच नसतो," दुभाषी हसली. मला हसू आलं नाही. तुमचा प्लास्टिकचा फोल्डर आठवला. माझी उंची दोन इंच वाढवून लिहिलेल्या बायोडाट्याचे झेरॉक्स घेऊन तुम्ही पाहुण्यांतलं एक लग्न सोडलं नव्हतं. मी किती चिडायचे.

आणि मग ते साताऱ्याचं स्टँड. मी नुकतीच नोकरीला लागलेय, मैत्रिणीबरोबर उभी आहे, आणि गावाहून, आपल्या कुंडलहून आलेले तुम्ही फोल्डर घेऊन माझ्याकडंच येताय, धोतर धुळीनं माखलेलं. मैत्रीण विचारते, "कोण गं ते?" मी म्हणते, "काय माहीत. मी नाही ओळखत." तुम्ही दोन पावलांवर थांबता. फोल्डर काखेत सरकवता आणि मलाच विचारता, "ताई, कुंडलची गाडी कवा हाय वो?"

"साडेचारला."

"बरं," म्हणून तुम्ही निघून जाता. घरी त्यावर कधी चकार शब्द काढला नाहीत. फोल्डर पुन्हा दिसला नाही, आणि वर्षभरात तुम्हीही गेलात. अजून साडेचारची गाडी लागली की मी तिकडं बघत नाही.

बागेतले एक आजोबा गरम पाणी आणायला उठले, मला खुणेनंच छत्रीपाशी बसवून गेले. एक बाई आली, कागद वाचला, त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बोट दाखवून काहीतरी बोलली. दुभाषीनं सांगितलं, "ते तुमचे कोण, असं विचारतेय."

"वडील," मी म्हटलं. दुभाषी माझ्याकडं बघतच राहिली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहितेय. माझं बोलणं तुमच्या कानावर पडलंच नसेल, अशी इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले. पण कुंडलच्या गाडीची वेळ तुम्हाला पाठ होती, आबा.